पोर्तोचा दोन नंबरवाला

पोर्तुगालला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. लिस्बनची पिवळी ट्राम असते, दालचिनी भुरभुरलेलं पाश्तेल दे नाता असतं आणि रोनाल्डोची जर्सी घालून काढलेला एक फोटो तर मस्टच! पोर्तोच्या वाट्याला येतो शेवटचा दीड दिवस. पूल बघायचा, नदीकाठी पोर्ट वाइनचा एक ग्लास रिकामा करायचा, की चेक-आउट.

बॉस, ही चीटिंग आहे. पोर्तोला निदान चार दिवस द्या आणि त्यातला एक फुटबॉलसाठी राखून ठेवा. ऑफसाइडचा नियम कळत नसेल तरी हरकत नाही. मलाही तो नीट समजावून सांगता येत नाही.

पोर्तो हे पोर्तुगालमधलं दोन नंबरचं शहर. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की लगेच भुवया वर जातात. काळा पैसा, भलतेच धंदे वगैरे. पोर्तोत मात्र दोन नंबर म्हणजे पाठीवरचा आकडा. निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सीवरचा २. तो पाठीवर घेऊन जोर्ज कोस्टा नावाचा सेंटर-बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यातला बचावपटू, वर्षानुवर्षं खेळला, कॅप्टन झाला, युरोपातले दोन मोठे कप त्यानं उचलले. आणि ५ ऑगस्ट २०२५ ला, वयाच्या ५३व्या वर्षी, क्लबच्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याचं हृदय बंद पडलं.

कोस्टा म्हटल्यावर तुम्हाला बांद्रा नाहीतर मडगाव आठवलं असणार. गंमत म्हणजे हा कोस्टा दोन सीझन खरोखरच आपल्या अंधेरीत नोकरीला होता. ते पुढे येईलच.

मी पोर्तोत पोचले २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये. लिस्बनहून ट्रेननं साधारण तीन तास लागतात आणि गाडी थांबते कांपान्या स्टेशनवर. सगळे टुरिस्ट तिथून साओ बेंतोची लोकल पकडतात, कारण त्या स्टेशनातल्या निळ्या टाइल्सचा फोटो काढल्याशिवाय पोर्तोत आल्यासारखं वाटत नाही. सुमारे २० हजार टाइल्स आहेत, जोर्ज कोलासो नावाच्या चित्रकारानं रंगवलेल्या, आणि खरंच भन्नाट आहेत. पण मला उलट्या दिशेला जायचं होतं. कांपान्यापासून मेट्रोचं पुढचंच स्टेशन म्हणजे एश्तादिओ दो द्रागाओ. ड्रॅगनचं स्टेडियम! बाहेर पाऊस असा, की जुलैतल्या दादरची आठवण व्हावी. फक्त गारठा एक्स्ट्रा.

उतरले होते बोंफिम भागातल्या एका गेस्टहाउसमध्ये. साठीच्या मालकीणबाईंनी पासपोर्ट हातात घेतला, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मुंबई?"

"हो."

"आमचा बीशो तुमच्याकडे होता!" आणि त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. काका स्लिपर घासत बाहेर आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हात पुढे केला. मी जणू कोस्टाची अंधेरीतली शेजारीण! पुढचे चार दिवस मला नाश्त्याला दोन-दोन अंडी जास्त मिळाली ती त्यामुळेच, अशी माझी पक्की खात्री आहे.

बीशो म्हणजे प्राणी, जनावर. आपल्याकडे कुणाला जनावर म्हटलं तर कॉलर धरतील. इथे ते लाडाचं नाव होतं. आपण एखाद्या गड्याला 'वाघ आहे वाघ' म्हणतो त्या चालीवर.

खाण्याच्या बाबतीत पोर्तोवाल्यांना अख्खा देश 'त्रिपेइरो' म्हणून चिडवतो, म्हणजे आतडी खाणारे. गोष्ट अशी सांगतात की १४१५ मध्ये राजाचं आरमार उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावर स्वारीला निघालं, तेव्हा पोर्तोनं चांगलं-चुंगलं सगळं मांस जहाजांवर चढवलं आणि स्वतःसाठी उरलेली आतडी शिजवली. दंतकथा असेल, पण तो पदार्थ आजही मेन्यूवर आहे आणि ते चिडवणं पोर्तोनं छातीवर बिल्ल्यासारखं लावलंय. काकांच्या मते लिस्बन मजा करतं आणि पोर्तो राबतं. पुणे-मुंबईचा वाद इथं नेऊन सोडा, दोन मिनिटांत रुळेल. लिस्बनमध्ये ड्राफ्ट बियरच्या ग्लासला 'इंपेरियाल' म्हणतात, पोर्तोत 'फिनो'. लिस्बनच्या 'व'चा इथं 'ब' होतो. मी पहिल्या दिवशी भोळेपणानं 'इंपेरियाल' मागितली तर वेटरनं नुसतंच बघितलं. बियर आणली, पण बघितलं.

या सगळ्या चिडचिडीचा निचरा फुटबॉलमध्ये होतो. एफसी पोर्तोची स्थापना १८९३ ची, एका पोर्ट वाइनच्या व्यापाऱ्यानं केलेली. पण कौतुक सगळं लिस्बनच्या बेनफिका आणि स्पोर्टिंगचं. १९५९ मध्ये लीग जिंकल्यावर पोर्तोला पुढची लीग मिळाली थेट १९७८ मध्ये. म्हणजे मधली एक अख्खी पिढी शाळेत लिस्बनवाल्यांची टर उडवू न शकता मोठी झाली. जोर्ज कोस्टा जन्मला १४ ऑक्टोबर १९७१ ला, याच शहरात, याच दुष्काळात. १९८२ मध्ये जोर्जे नुनो पिंतो दा कोस्टा क्लबचे अध्यक्ष झाले (नात्यानं कुणी नाही, इथं कोस्टा ढिगानं आहेत) आणि ते पुढे तब्बल ४२ वर्षं खुर्चीवर राहिले. १९८७ मध्ये व्हिएन्नात बायर्न म्युनिकला २-१ हरवून पोर्तोनं युरोपियन कप आणला. कप उचलणारा कॅप्टन जोआओ पिंतो, जर्सी नंबर २. त्याच वर्षी फोश नावाच्या समुद्राकाठच्या भागातल्या छोट्या क्लबातून एक उंचापुरा पोरगा पोर्तोच्या ज्युनिअर संघात आला. दहा वर्षांनी तीच जर्सी त्याच्याकडे जायची होती.

सपोर्ट टीमचा माणूस

डिफेंडरचं काम म्हणजे आपल्या ऑफिसातल्या सर्व्हर रूमवाल्यासारखं. सगळं सुरळीत चाललंय तोवर त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. एक दिवस नेट बंद पडलं की मात्र अख्खा मजला त्याच्या नावानं शंख करतो.

कोस्टाच्या बॅचमधली नावं बघा. १९९१ मध्ये लिस्बनला ज्युनिअर वर्ल्ड कप झाला, फायनलला सव्वा लाखाच्या आसपास माणूस, समोर ब्राझील, आणि पोर्तुगालनं पेनल्टीवर कप मारला. त्या संघात लुइस फिगो, रुई कोस्टा, जोआओ पिंतो (हा दुसरा) आणि आपला जोर्ज कोस्टा. या पोरांना पुढे 'गोल्डन जनरेशन' म्हणू लागले. फिगो बार्सिलोनाला गेला, रुई कोस्टा फ्लोरेन्सला. पोर्तोचा दादा डिफेंडर फर्नांदो कोउतो १९९४ मध्ये पार्माला गेला, गोलकीपर व्हितोर बाइया १९९६ मध्ये बार्सिलोनाला. ज्याचा त्याचा पासपोर्ट शिक्क्यांनी भरत होता. जोर्ज कोस्टानं आधी दोन वर्षं उसनवारीवर काढली. एक पेनाफिएलला, हे पोर्तोपासून लोकलच्या अंतरावरचं गाव, आणि एक मदेइरा बेटावरच्या मारीतिमोकडे. १९९२ मध्ये तो परत आला आणि ठिय्या मारून बसला. आठ लीग, पाच पोर्तुगीज कप. १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत लागोपाठ पाच लीग, ज्याला पोर्तोवाले 'पेंता' म्हणतात आणि म्हणताना पाच बोटं दाखवतात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या रेझ्युमेत एका ओळीला दीड-दोन वर्षांहून जास्त आयुष्य नसतं. माझ्या स्वतःच्या रेझ्युमेत तर काही ओळी महिन्यांत मोजाव्या लागतात. त्यामुळे एकाच ठिकाणी तेरा-चौदा वर्षं घालवणारा माणूस मला एकाच वेळी हेवा वाटण्यासारखा आणि थोडा संशयास्पद वाटतो. त्याला बाहेरून ऑफर नव्हती का? की जायची भीती वाटली? काकांना हे विचारलं (ते, मी आणि मधे ट्रान्सलेशन अ‍ॅप) तर त्यांना प्रश्नच कळेना. अ‍ॅपनं दोनदा भाषांतर केलं. शेवटी त्यांनी मला उलट विचारलं, "जायचं कशाला?"

तर, नेट बंद पडण्याचा दिवस. ५ जून २००२, कोरियातलं सुवॉन, वर्ल्ड कपमधला पोर्तुगालचा पहिला सामना अमेरिकेशी. गोल्डन जनरेशन एव्हाना ऐन भरात, सगळ्यांना वाटलेलं हा सामना म्हणजे वॉर्मअप. अमेरिकेचा दुसरा गोल जोर्ज कोस्टाच्या अंगाला लागून आत गेला. सेल्फ गोल! पोर्तुगाल ३-२ हरलं आणि पुढे पहिल्याच फेरीत गारद झालं. ५० सामने देशासाठी खेळलेल्या या माणसाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्याच वर्षी संपली.

पाडलेला बोगदा

द्रागाओ स्टेडियम सुंदर आहे. पांढरं, हलकं, दोन्ही टोकांना मोकळं, आत साधारण ५० हजार माणूस बसतं. १६ नोव्हेंबर २००३ ला त्याचं उद्घाटन झालं, पाहुणा संघ बार्सिलोना. पोर्तो २-० जिंकलं. त्या संध्याकाळी बार्सिलोनाकडून एक १६ वर्षांचा मुलगा शेवटी-शेवटी बदली म्हणून आत आला. लिओनेल मेसी! सीनिअर संघातला त्याचा पहिला सामना. मुंबईत असं काही झालं असतं तर आपण त्या जागेला टाइल बसवून हार घातला असता.

पण जोर्ज कोस्टाची बहुतेक कारकीर्द इथली नाहीच. ती झाली अंताशमध्ये, १९५२ मध्ये बांधलेल्या जुन्या स्टेडियमवर, जे द्रागाओच्या जवळच होतं. २००४ मध्ये ते बंद झालं आणि मग पाडलं. मी छत्री सांभाळत तिथं जाऊन आले. बिल्डिंगा, झाडं, पार्क केलेल्या गाड्या. कुत्रा फिरवणारी एक बाई. पाडलेल्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर बघायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे मला फार धक्का बसला नाही.

याच जागी, खेळाडूंच्या बोगद्यात, २० नोव्हेंबर १९९६ च्या रात्री जे झालं ते टाळून या माणसाबद्दल लिहिता येणार नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये मिलानशी १-१ असा सामना संपला होता. आत जाताना मिलानच्या जॉर्ज विआनं, म्हणजे त्या वेळच्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकानं, जोर्ज कोस्टाला डोक्यानं धडक दिली आणि त्याचं नाक मोडलं. ऑपरेशन करावं लागलं. विआचं म्हणणं होतं, आधी मिलानमध्ये आणि आता इथं, दोन्ही सामन्यांत कोस्टानं त्याला वर्णावरून शिव्या दिल्या. कोस्टानं ते साफ नाकारलं, शेवटपर्यंत. साक्षीदार पुढे आला नाही. युएफानं विआवर ६ सामन्यांची बंदी घातली, कोस्टावर काहीच कारवाई झाली नाही. आणि फिफानं त्याच वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार दिला कुणाला? विआला!

पोर्तोत हा विषय काढला की लोक लगेच नाकाबद्दल बोलायला लागतात. नाक कसं मोडलं, किती सुजलं, वगैरे. शिव्यांबद्दल कुणी बोलत नाही. काकांनीही नाकच दाखवलं. मालकीणबाई मात्र भांडी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या वेळी मैदानावर लोक काय काय बोलायचे, ते आम्ही प्रेक्षकांतूनही ऐकलंय. सगळेच बोलायचे. म्हणून बरोबर होतं असं नाही." नवऱ्यानं काहीतरी पुटपुटलं. त्यांनी पुन्हा भांडी पुसायला घेतली. पुढे २०१४ मध्ये कोस्टा गॅबॉनचा राष्ट्रीय कोच झाला. २०१८ मध्ये तो मुंबईत आला, तेव्हा विआ लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झालेला होता.

दंडावरची पट्टी

आता तो किस्सा, जो ऑफिसात बॉसशी वाजलेल्या प्रत्येकानं वाचावा.

२००१ चा शरद. पोर्तोचा कोच ऑक्टाव्हियो माशादो, आणि कॅप्टनशी त्याचं पटत नव्हतं. व्हितोरिया सेतुबालविरुद्धच्या सामन्यात माशादोनं कोस्टाला मधूनच बाहेर बोलावलं. कोस्टानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि जमिनीवर फेकली. हजारो लोकांसमोर. ही गोष्ट आपण सगळे बाथरूमच्या आरशासमोर करतो.

परिणाम व्हायचा तोच झाला. तो संघाबाहेर. डिसेंबरमध्ये त्याला उसना पाठवला लंडनच्या चार्लटन क्लबाकडे. तीस वर्षांचा माणूस, घर पोर्तोत, आणि नवा पत्ता थेम्सच्या दक्षिणेला! तिथं त्यानं कुरकुर न करता चोवीस लीग सामने काढले आणि इंग्लिश प्रेक्षकांनी त्याचं नवीन बारसं केलं, 'टँक'. जनावराचा रणगाडा झाला.

इकडे जानेवारी २००२ मध्ये पोर्तोनं माशादोला काढून एक तरुण कोच आणला, जोजे मोरिन्यो. उन्हाळ्यात मोरिन्योनं ज्यांना परत बोलावलं त्यात पहिलं महत्त्वाचं नाव कोस्टाचं. पट्टी परत दंडावर. पुढचं सगळं रेकॉर्डवर आहे. २१ मे २००३, सेव्हिल, युएफा कप फायनल, सेल्टिकवर ३-२, एक्स्ट्रा टाइममध्ये. त्याच सीझनला लीग आणि कपही. मग २६ मे २००४, जर्मनीतलं गेल्झेनकिर्शेन, चॅम्पियन्स लीगची फायनल, मोनाको ३-० सपाट. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स सोडून दुसऱ्या कुठल्याच देशातल्या क्लबाला आजवर तो कप मिळालेला नाही. मागच्या फळीत शेजारी रिकार्दो काऱ्हाल्यो, पुढे मोरिन्योबरोबर चेल्सीला गेलेला. काऱ्हाल्यो देखणा खेळायचा, चेंडू अलगद काढून घ्यायचा. कोस्टा चेंडूही काढायचा आणि समोरच्याला आपण इथं आहोत हेही कळवायचा.

मोरिन्योनं सांगितलेली एक आठवण मला सगळ्यात आवडते. हाफटाइमला संघ मागे पडलेला. कोच ड्रेसिंग रूमकडे निघालाय, तर दारात कोस्टानं त्याला अडवलं, दोन मिनिटं बाहेरच थांबा म्हणाला, आणि आत गेला. आत काय बोलला असेल? मोरिन्यो बाहेर थांबला, हे जास्त इंटरेस्टिंग आहे. मोरिन्योच्या मते कॅप्टनपण पट्टीत नसतंच. हा माणूस घरातली घाण स्वतः साफ करायचा आणि कोचला फक्त कोचचं काम करू द्यायचा. माझ्या अनुभवात मॅनेजर लोक उलटं करतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हे दोन्ही कप द्रागाओतल्या म्युझियममध्ये आहेत. म्युझियम २०१३ मध्ये सुरू झालं, आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसालाही आत दोन तास सहज जातात. १९४८ मध्ये आर्सेनलला ३-२ हरवलं म्हणून चाहत्यांनी पैसे गोळा करून क्लबाला दिलेली एक अवाढव्य ट्रॉफी तिथे आहे. माणसापेक्षा उंच! साधा मैत्रीपूर्ण सामना जिंकल्याबद्दल! दोन नंबरच्या शहराची सगळी हौस तिच्यात उतरलीय. चॅम्पियन्स लीगचा कप तिच्यापुढे ज्यूसच्या जगसारखा दिसतो.

शेवट मात्र गोड नव्हता. २००५ मध्ये आलेल्या को आद्रिआन्स या डच कोचच्या योजनेत ३४ वर्षांचा कोस्टा बसत नव्हता. आधीचा डिसेंबर योकोहामात इंटरकॉन्टिनेंटल कप उचलण्यात गेलेला, आणि आता बेंचवरही जागा नाही. वर्ष संपता संपता तो बेल्जियमला गेला, स्टँडर्ड लिएजकडून काही महिने खेळला आणि थांबला.

अंधेरी, गेट नंबर आठवत नाही

खेळाडू म्हणून जो हलला नाही, त्याला कोच झाल्यावर पायाला भिंगरी लागली. पोर्तुगालमधले लहान-मोठे क्लब, रोमानिया, सायप्रस, गॅबॉन, फ्रान्स. वर्ष-दीड वर्षाची एकेक ओळ. आणि २०१८ मध्ये मुंबई सिटी एफसी!

मी तेव्हा मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला. आझाद नगर मेट्रोला उतरायचं, वडापाव खायचा आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात घुसायचं. हा कोच कोण ते आमच्या ग्रुपमध्ये एकालाच नीट माहीत होतं आणि तोही "अरे, मोरिन्योचा कॅप्टन!" एवढंच सांगायचा. संघात पाउलो माशादोही होता, पोर्तोतच जन्मलेला आणि तिथल्याच अकादमीत घडलेला मिडफिल्डर. त्या सीझनला सुरुवातीलाच गोव्यानं फातोर्ड्यात ५-० धुतलं. मग हा संघ हरेचना! सलग नऊ सामने. लीगमध्ये तिसरे आलो आणि सेमीफायनलला परत समोर गोवा.

९ मार्च २०१९. पहिला गोल आपला, स्टँडमध्ये जाम आरडाओरडा. मग गोव्यानं एकामागोमाग एक पाच घातले, घरच्या मैदानावर. तिसऱ्या गोलनंतर लोक उठायला लागले. परतीचा सामना मुंबईनं गोव्यात १-० जिंकला, पण तो आता फक्त हिशोबाच्या वहीत आहे. पुढच्या वर्षी शेवटच्या साखळी सामन्यात चेन्नईनं अंधेरीतच १-० हरवलं आणि प्ले-ऑफ हुकला. गोल कुणाचा? लुशियान गोइआनचा, जो आदल्या सीझनला आपल्याकडेच डिफेंडर होता. मार्च २०२० मध्ये कोस्टा गेला. त्याच्या जागी आला सर्जिओ लोबेरा, गोव्याला ते पाच गोल घालायला शिकवणारा, आणि २०२१ मध्ये त्यानं मुंबईला लीग आणि कप दोन्ही मिळवून दिले. मुंबईत कुणी जोर्ज कोस्टासाठी रडलं नाही. मीही नाही.

म्हणूनच पोर्तोत ते बघताना विचित्र वाटलं. गेस्टहाउसच्या काकांनी फोनवर ऑगस्टमधले फोटो दाखवले. २०२४ मध्ये मोरिन्योच्याच तालमीत तयार झालेला आंद्रे व्हिलास-बोआस क्लबचा अध्यक्ष झाला आणि त्यानं कोस्टाला फुटबॉल डिरेक्टर म्हणून घरी बोलावलं. एकोणीस वर्षांनी. नोकरी जेमतेम वर्षभर झाली. ५ ऑगस्टला नदीपलीकडच्या ओलिव्हालच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तो कोसळला. पार्थिव स्टेडियममध्येच ठेवलं होतं. एक महिना आधी, ३ जुलैला, याच पट्ट्यातला दिओगो जोता भावासह अपघातात गेला होता. शहर त्यातून सावरलेलं नव्हतं. फोटोंमध्ये रांगेत उभी म्हातारी माणसं, नऊवारीच्या जागी काळे स्कर्ट घातलेल्या आज्या, टायवाले बँकर, हेल्मेट हातात धरलेली डिलिव्हरीची पोरं. मोरिन्यो त्या दिवशी फेनरबाचेचा कोच म्हणून रॉटरडॅममध्ये होता, दुसऱ्या दिवशी मॅच. प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, जोर्ज आत्ता बोलू शकला असता तर मला विसर आणि जाऊन मॅच जिंक, एवढंच म्हणाला असता.

मॅच फेनरबाचे हरलं.

शेवटच्या दिवशी पाऊस थांबला. दोन लुइसच्या पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत जा (१८८६ चा आहे, आयफेलच्या जुन्या पार्टनरनं, तेओफिल सेरिगनं डिझाइन केलेला, शेजारून मेट्रो जाते आणि पायाखाली हादरे बसतात). मग खाली रिबेइरात उतरून इन्फांते स्टॉपवरून १ नंबरची जुनी लाकडी ट्राम पकडा. दोउरोच्या कडेकडेनं ती नदी समुद्राला मिळते तिथं, फोशला नेऊन सोडते. फ्रान्सेझिन्या खायची असेल तर ती आधीच उरकून घ्या. पावात स्टेक, हॅम, सॉसेज, वर वितळलेलं चीज, वर अंडं आणि वर बियरचा झणझणीत रस्सा! पोर्तोची मिसळच म्हणा, फक्त शाकाहाऱ्यांच्या कामाची नाही. खाल्ल्यावर तीन तास काही सुचत नाही.

काका माझ्याबरोबर आले होते, बाईंनी पाठवलं म्हणून. बंधाऱ्याच्या टोकाला एक छोटं दीपगृह आहे आणि लाटा त्याच्या डोक्यावरून उडतात. इथल्याच भागातून तो पोरगा सुरू झाला, हे काकांनी हातानं दाखवलं. कुठं ते नेमकं नाही, एवढा सगळा किनारा त्यांनी हाताच्या एका फेऱ्यात दाखवला. मग खिशातून फोन काढून अ‍ॅपमध्ये काहीतरी सावकाश टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं.

'तुमच्या शहरात, त्या मैदानावर, त्याच्या नावाचं काही आहे का?'

माझ्या माहितीत तरी नाही, असं मी लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, फोन खिशात ठेवला. परतीला ट्रामपेक्षा ५०० नंबरची डबलडेकर बस बरी. वर पुढची सीट मिळाली तर नदी सगळी दिसते. आम्हाला मिळाली.